बंद खोलीतला आवाज : दख्खन रेडिओपासून परभणी केंद्रापर्यंत

#थ्रेड 17 सप्टेंबर 1948. हैदराबादच्या रेडिओ केंद्रावरून सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खानने, शरणागती जाहीर केली. नांदेड तेव्हा त्याच्या राज्यातील जिल्हा होता, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच लातुरात वकिली करीत असे.

हे केंद्र 1935 मध्ये निजाम सरकारने आपल्या हाती घेतले होते. तेथे उर्दूचे राज्य होते. मराठीच्या वाट्याला मोजका वेळ येई.

1 एप्रिल 1950 रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. नांदेड-लातूरच्या शेजारी, परभणीत, केंद्र उभे राहायला मात्र 1968 उजाडले.

नभोनाट्याची खोली सजवण्यापेक्षा शांत करावी लागते. दुहेरी भिंती, दोन दारांमधली छोटी मोकळी जागा, छिद्रांचे फलक आणि त्यांमागे काचलोकर. यामागचे शास्त्र हार्वर्डच्या वॉलेस सेबिनचे. 1895 पासून तो एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात नाट्यगृहातील गाद्या आणून मांडी आणि ऑर्गनचा नाद विरायला किती सेकंद लागतात ते मोजी. खोली जितकी मोठी तितका घुमारा अधिक. शोषक पृष्ठभाग वाढला की तो घटतो.

पण निव्वळ मुकी खोलीही नाटकाला चालत नाही. म्हणून एक बाजू मऊ, दुसरी किंचित कडक. शेतातला संवाद पडद्यापाशी, वाड्यातला उघड्या भिंतीपाशी! माइकपासून दोन पावले मागे सरकले की पात्र दूर गेले. संहितेची पाने सुटी ठेवायची, बांगड्या काढायच्या, आणि पंख्याची घरघर नको म्हणून भर उन्हाळ्यातही तो बंद. मराठवाड्याच्या मे महिन्यात ही शिक्षाच म्हणायची. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या दोन करवंट्या पुरत.

एवढी दक्षता घेऊन जपलेल्या शांततेत बोली कोणती घुमावी, हा प्रश्न भिंतींपेक्षा अवघड होता. बातम्यांना प्रमाण मराठी हवी, हे रास्तच. पण नभोनाट्यातला नांदेडचा शेतकरी ‘काय करतो आहेस?’ म्हणाला, तर त्याच्याच गावात तो परका वाटे. ‘काय करायलास?’ हे घरचे बोलणे प्रामुख्याने ग्रामीण आणि शेतीविषयक कार्यक्रमांच्या दारानेच स्टुडिओत शिरले.