तासाला 108 आकड्यांचा हिशेब

दौंड तालुक्यातील राहूसारख्या गावातही आता लग्नाचे चित्रण दोन-तीन कॅमेऱ्यांनी होते. मिक्सरवर बसलेला माणूस कोणत्या क्षणी कोणता कॅमेरा दाखवायचा ते ठरवतो. नंतरच्या संकलनात तोच क्षण प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्रणात सापडावा, म्हणून प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद व फ्रेम-क्रमांक देता येतो. हाच टाइमकोड.

सिनेमाच्या फिल्मवर फ्रेम डोळ्यांनी दिसते, चुंबकीय फितीवर काहीच दिसत नाही. त्यामुळे फितीवर क्रमांक नोंदण्याची गरज पडली. अमेरिकेत त्याचे मानक 1975 मध्ये ठरले. पण तोवर तेथे एक पेच तयार झालेला होता.

सुरुवातीच्या दूरचित्रवाणीने विजेच्या वारंवारतेशी मेळ ठेवला. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झ, म्हणून सेकंदाला 30 फ्रेम. युरोपात 50 हर्ट्झ, म्हणून 25. अमेरिकेत 1953 मध्ये रंगीत चित्राचे मानक ठरले. रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेतात ढवळाढवळ करू नये, म्हणून वेग किंचित कमी करून सुमारे 29.97 केला गेला. फरक 0.03 चा, पण तासाला 108 फ्रेम, म्हणजे 3.6 सेकंद! तीसपर्यंत मोजणारा टाइमकोड भिंतीवरच्या घड्याळामागे पडू लागला. थेट प्रक्षेपणात हे कसे चालावे?

तोडगा असा निघाला : दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळायचे, मात्र प्रत्येक दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. 54 × 2 = 108. गळतात ते क्रमांक, चित्रे नव्हेत.

भारतात दिल्लीला 1959 मध्ये आणि मुंबईला 2 ऑक्टोबर 1972 रोजी दूरचित्रवाणी आली, ती 25 फ्रेमची. 1982 मध्ये रंग आला तो जर्मनीतील वाल्टर ब्रूख यांच्या पॅल पद्धतीने. तिने 25 हा वेग बदलला नाही. त्यामुळे आपल्या तासात नेमक्या 90,000 फ्रेम बसतात. पॅलचे दिवस सरले, तरी हा वारसा टिकून आहे.

तरीही एक काळजी उरतेच. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत दहा लाखांत दहा भागांचा फरक असेल, तर तासाला 0.036 सेकंद, म्हणजे जवळजवळ एक फ्रेम निसटते. पाच तासांच्या सोहळ्यात ओठ आणि आवाज यांची फारकत दिसू लागते. म्हणून सर्व कॅमेऱ्यांना एकाच मुख्य घड्याळाच्या तालावर चालवावे लागते.

वर्गासाठी एक प्रश्न : अमेरिकेतील नेमका वेग 30 भागिले 1.001 आहे. मग 108 क्रमांक गाळूनही दिवसाला किती चूक उरते?