एक रुपया पुस्तकी किंमत

इतिहासाशी माझं कधी जमलं नाही. सनावळ्या पाठ होईनात म्हणून मी कॉमर्सला गेलो, आणि गेल्यावर कळलं की तिथे सनावळीलाच आर्थिक वर्ष म्हणतात. पुढे बँकेत चिकटलो आणि गेली वीस वर्षं लोकांच्या पैशांचा इतिहास लिहितो आहे. असा मनुष्य आज इतिहासावर लेख लिहायला बसला आहे, तोही शाहू महाराजांवर नव्हे. त्या विषयात एखादं साल चुकलं तर कोल्हापुरात घरी सुखरूप पोचणं अवघड. मी लिहिणार आहे आमच्या घरातल्या एका स्वस्त मोबाइलवर.

त्याचं नाव मोटो ई. १३ मे २०१४ रोजी तो बाजारात आला. तीनच दिवसांनी लोकसभेचा निकाल लागायचा होता, त्यामुळे देशाचं लक्ष जरा दुसरीकडे होतं. माझं नव्हतं. किंमत ६,९९९ रुपये. सात हजार म्हटलं असतं तर सौ.नं साफ नाही म्हटलं असतं. एका रुपयात संसार तरतो तो असा. पण हा फोन दुकानात मिळत नव्हता, फक्त फ्लिपकार्टवर मागवावा लागे. आमच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, ही कल्पनाच पटेना.

"अरे, वांगीसुद्धा आपण दाबून बघून घेतो. आणि सात हजारांची वस्तू न बघता?"

"आप्पा, सहा हजार नऊशे नव्व्याण्णव."

"मग एक रुपयाची वांगी आण."

फोन आला. मी त्याचा ताळेबंद मांडला. जमेच्या बाजूला ४.३ इंची पडदा, १.२ गिगाहर्ट्झचा दुहेरी प्रोसेसर, १ जीबी रॅम, दोन सिमकार्डांची सोय, गोरिला नावाची दणकट काच, पाण्याचे शिंतोडे सोसणारा लेप, १९८० एमएएचची बॅटरी, आणि वजन अवघं १४२ ग्रॅम. नावे बाजूला, पुढचा कॅमेराच नाही. मागचा होता पाच मेगापिक्सेलचा, पण त्याला फ्लॅश नाही. साठवण ४ जीबी, त्यातली जवळजवळ निम्मी फोन स्वतःच वापरी. घरमालकानं खोल्या भाड्यानं द्याव्यात आणि अर्ध्यांना आपलंच कुलूप ठेवावं, तसं. उरलेल्या जागेत आमच्या सगळ्या काकांची 'शुभ सकाळ' महिनाभरसुद्धा मावत नसे. दोष फोनचा नाही, काकांचा. ताळेबंदाच्या अगदी तळाशी एक ओळ होती : एफएम रेडिओ. तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

इथेच माझा इतिहास कच्चा पडला. कारण या कंपनीचा जन्मच मुळी रेडिओच्या घरचा. १९२८ साली शिकागोत गॅल्विन बंधूंनी धंदा काढला आणि १९३० मध्ये मोटारीत बसवायचा रेडिओ बनवला. मोटारीतलं 'मोटर' घेतलं, त्या काळच्या वाजणाऱ्या यंत्रांच्या नावांना असायचं तसं 'ओला' शेपूट जोडलं, आणि झालं मोटोरोला. पुढे याच कंपनीच्या मार्टिन कूपर नावाच्या इंजिनिअरनं ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून जगातला पहिला फोन केला. कोणाला? तर याच कामात गुंतलेल्या दुसऱ्या कंपनीतल्या माणसाला. म्हणजे मोबाइलचा पहिला उपयोग दुसऱ्याला जळवण्यासाठी झाला. ती प्रथा आमच्या सोसायटीत अजून चालू आहे. कूपरसाहेबांचा फोन किलोभरापेक्षा जड होता. आमचा त्याच्या आठव्या हिश्श्याइतका.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि घराघरांत फोर-जीचं वारं शिरलं. मोटो ईची धाव थ्री-जीपर्यंत. मी नवा फोन घेतला आणि जुना आप्पांना दिला. पूर्वी सदरे-चपला थोरल्याकडून धाकट्याकडे उतरत. मोबाइल ही घरातली पहिली वस्तू, जी धाकट्याकडून थोरल्याकडे चढली. आप्पांनी दोनच दिवसांत ती तळाची ओळ शोधून काढली. त्या फोनवर रेडिओ लावायचा तर इअरफोन खुपसावाच लागतो, कारण त्याची वायर हीच एरियल. तेव्हापासून आप्पांच्या गळ्यात वायर आली ती आलीच. नातवंडं त्यांना 'डॉक्टरआजोबा' म्हणू लागली.

मग आला ऑगस्ट २०१९. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना नमस्कार करत नाहीत, राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. आमचं घर शाहूपुरीच्या सखल भागात, पहिल्या मजल्यावर. वीज गेली. माझा महागाचा फोन पुराचे व्हिडिओ बघण्यात पहिल्याच संध्याकाळी संपला. सौ.च्या फोनमध्ये चार्जिंग होतं, तर रेंज नव्हती.

अंधारात बोलत होता तो फक्त आप्पांच्या कानातला मोटो ई. त्याला ना टॉवर लागत होता ना इंटरनेट. पडदा बंद ठेवून रेडिओ ऐकला तर खर्चही बेताचा. आप्पा बातम्यांपुरता तो लावत आणि संपल्या की बंद करत. पेन्शनीवर घर चालवलेला माणूस, १९८० एमएएच कसे पुरवायचे हे त्यांना शिकवावं लागलं नाही. ते ऐकत आणि जिन्यात उभं राहून मोठ्यानं सांगत : राधानगरीचे दरवाजे उघडेच आहेत, हायवे बंद आहे, पाऊस आणखी आहे. वरचे-खालचे शेजारी जिन्यात बसून ऐकत.

मी रात्रभर म्हणत होतो, "आप्पा, निघूया." आणि आप्पा म्हणत होते, "२००५ ला पाणी तिसऱ्या पायरीला लागून परत गेलं. उगाच घाबरवू नकोस पोरांना." आप्पा घरात कुणाचंच ऐकत नाहीत. पहाटेच्या बातम्या ऐकल्या, वायर गुंडाळली आणि शांतपणे म्हणाले, "चला. आकाशवाणी म्हणतेय पाणी वाढणार."

पोटरीभर पाण्यातून आम्ही राजारामपुरीला बहिणीकडे गेलो. जिन्यातले बाकीचेही निघाले. दुपारपर्यंत तिसरी पायरी कुठली, जिन्याचा कठडाही दिसेनासा झाला होता. त्या पाण्यातून दोन पोरांना आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला मी कसं बाहेर काढलं असतं, हा हिशेब मी अजून मांडलेला नाही. मांडायचा धीरही होत नाही.

२०२३ साली केंद्र सरकारनं मोबाइल कंपन्यांना कळवलं की फोनमधला एफएम रेडिओ बंद करू नका, आपत्तीच्या वेळी तो उपयोगी पडतो. मी ती बातमी आप्पांना वाचून दाखवली. "सरकारला चार वर्षं लागली," ते म्हणाले आणि पुन्हा कानात वायर घातली.

आमच्या बँकेत संगणकावर दर साली घसारा काढतात आणि तीन वर्षांत त्याची किंमत संपते. पण जुन्या हिशेबनिसांची एक चाल होती. वस्तूची किंमत संपली तरी ती पुस्तकातून काढायची नाही, एक रुपया धरून ठेवायची, म्हणजे ती आपल्याकडे आहे याचा विसर पडत नाही. मीही घरच्या वहीत दर ३१ मार्चला न चुकता लिहितो : मोटो ई, एक नग, रुपये एक.

परवा आप्पांनी ती नोंद पाहिली. चष्मा वर करून म्हणाले, "हाच का तो रुपया, वांग्यांतला उरलेला?"