उन्हाळ्याचा मांडव : बेंगळूरुमधील रामनवमी संगीतोत्सव

उद्दिष्टे

हे टिपण वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगता आल्या पाहिजेत.
(१) दरबारी आश्रयाकडून सार्वजनिक मांडवाकडे संगीत कसे आले?
(२) मराठी आणि कन्नड मुलखांतील संगीतसंस्थांचे नाते काय आहे?
(३) मोकळ्या जागेत गायक-वादकांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची अडचण कशी सोडवली गेली?

१. प्रस्तावना

बेंगळूरुच्या दक्षिणेकडील जे. पी. नगर स्थानकावर तुम्ही मेट्रोच्या हिरव्या मार्गाने उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर सातवे स्थानक येते कृष्णराजेंद्र मार्केटचे. तिथून चामराजपेटेतील जुन्या फोर्ट हायस्कूलचे मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एरवी हे शाळेचे साधे मैदान. चैत्रात मात्र तिथे मोठा मांडव पडतो आणि रामनवमीच्या निमित्ताने सुरू झालेले गाणे-वाजवणे महिनाभर चालते. श्री रामसेवा मंडळीचा हा उत्सव १९३९ मध्ये सुरू झाला. सुरू करणारे एस. व्ही. नारायणस्वामी राव तेव्हा किशोरवयात होते.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. तो सुरू झाला १९५३ मध्ये, म्हणजे बेंगळूरुचा हा मांडव त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा आहे. शाल पांघरून ऐकण्याचा डिसेंबरातला उत्सव आपल्याला माहीत असतो. घाम पुसत ऐकण्याचा उत्सव फारसा माहीत नसतो. उन्हाळ्यात, उघड्या मैदानावर, इतकी वर्षे प्रत्यक्ष गाणे ऐकायला माणसे का जमतात, हा या टिपणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपण तीन अंगांनी शोधू : काळ, पैसा आणि आवाज.

२. काळ : पंचांग आणि आठवडा

पहिले कारण अर्थातच तिथी. चैत्र शुद्ध नवमीला रामजन्म, म्हणून उत्सव चैत्रात. महाराष्ट्रात गुढीपाडव्यापासून नवमीपर्यंत देवळादेवळांत कीर्तने होतात, दुपारी बारा वाजता पाळणा हलतो आणि सुंठवडा वाटला जातो. बेंगळूरुत त्याच दिवशी पानक, कोसंबरी आणि मज्जिगे वाटतात. पानक म्हणजे गुळाचे, वेलची-सुंठ घातलेले सरबत. आपला 'पन्हे' हा शब्द त्याच 'पानक' शब्दातून आला आहे. कोसंबरी म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर आणि मज्जिगे म्हणजे ताक. तिन्ही पदार्थ उन्हावरचे उतारे आहेत. उत्सव आणि ऋतू यांची सांगड प्रसादातच दिसते.

दुसरे कारण व्यवहाराचे. चैत्र-वैशाखात परीक्षा संपलेल्या असतात, शाळेचे मैदान मोकळे मिळते आणि घरोघरी पाहुणे आलेले असतात. बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने दुपार तापली तरी संध्याकाळ सुसह्य होते. धोका एकच, वळवाच्या पावसाचा.

तिसरे कारण आपल्या सहसा लक्षात येत नाही. नऊ दिवसांचा धार्मिक उत्सव महिनाभराचा कसा झाला? पंचांगाने फक्त आरंभाचा दिवस दिला, पुढचा विस्तार शहराच्या वेळापत्रकाने केला. कचेरी सुटल्यावरची संध्याकाळ आणि शनिवार-रविवार ही शहरी श्रोत्याची हक्काची वेळ आहे. ही वेळही आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. फुरसत हीसुद्धा कोणीतरी मिळवून दिलेली गोष्ट असते. बेंगळूरुच्या कब्बन पार्कातील बँडस्टँडवर इंग्रजी अमदानीत लष्करी बँड वाजत असे, ते करमणुकीचे आठवडी रूप होते. रामनवमीच्या मांडवात पंचांग आणि आठवडा ही दोन्ही घड्याळे एकत्र चालतात.

३. पैसा : दरबार, समाज, मंडळी

एकोणिसाव्या शतकात चांगल्या गायकाला दरबाराचा किंवा देवळाचा आधार लागे. म्हैसूर, बडोदे, कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी ही संस्थाने त्यासाठी प्रसिद्ध होती. दरबारात गायकाचे पोट भरे. मात्र ऐकणारे कोण, हे राजा ठरवी.

याला पर्याय म्हणून सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्था निघाल्या. पुण्यात १८७४ मध्ये बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे यांच्या पुढाकाराने 'गायन समाज' स्थापन झाला आणि १८८३ मध्ये त्याची शाखा मद्रासला निघाली. बेंगळूरुची 'गायन समाज' ही संस्था १९०५ ची. नावातले साम्य लक्षात घ्या. समाज म्हणून एकत्र येऊन, वर्गणी काढून गाणे ऐकायचे, ही कल्पना त्या काळात शहरोशहरी रुजत होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही याच बदलाचे अंग.

रामसेवा मंडळी ही त्यापुढची पायरी आहे. 'समाज' सभागृहात बसतो, 'मंडळी' मैदानात येते. १८९३ पासून रूढ झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाशी तुम्ही याची तुलना करू शकता : देव निमित्ताला, मांडव रस्त्यालगत, राबणारी पोरे आसपासच्या गल्लीतली, पैसा देणगीदारांचा आणि तिकिटांचा. एम. एस. सुब्बुलक्ष्मींसारख्या गायिका या मांडवात गायल्या. हिंदुस्थानी पद्धतीचे कलावंतही इथे बोलावले जातात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. सभागृहाला दार असते. तिकीट नसेल त्याला बाहेर ठेवता येते. मांडवाचे कापड आवाज अडवू शकत नाही. फाटकाबाहेर उभा असलेला रिक्षावालाही तोच राग ऐकतो. म्हणजे मैदानातले गाणे अंशतः सार्वजनिक वस्तू बनते आणि सार्वजनिक वस्तूचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. दरबार गेल्यावर त्या प्रश्नाचे कायमचे उत्तर कोणालाच सापडलेले नाही. देणग्या जमल्या तर मांडव पडतो, इतकेच.

४. मराठी धागा

या इतिहासात मराठी माणसाचा संबंध कुठे येतो? विजापूरकरांच्या १६३८ च्या स्वारीनंतर बेंगळूरु शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी १६७० च्या दशकात तंजावरला गेले आणि तिथे मराठी राज्य उभे राहिले. तंजावरच्या या घराण्यातील तुळजाराजांनी 'संगीतसारामृत' हा संगीतशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ लिहिला. कर्नाटक संगीताची जडणघडण झाली ती बऱ्याच अंशी याच तंजावरच्या परिसरात.

पुढे १८६० च्या दशकात रामचंद्र मोरगावकर बुवांची मराठी कीर्तने तंजावरात गाजली. ती ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आणि चाली त्या हरिकथेत गेल्या. दक्षिणेतल्या रामकथेच्या कार्यक्रमात ओळखीची चाल कानावर आली, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच महत्त्वाचा. मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ दक्षिणेत वारंवार जात. कर्नाटक पद्धतीतील सरगम त्यांनी आपल्या गायकीत घेतली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाड मुलखातील कुंदगोळचे. मराठी संगीत नाटकांनी त्यांना नाव दिले. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल आणि शिष्य भीमसेन जोशी हे दोघेही कन्नडभाषक घरांतले. भीमसेनांचे मराठी अभंग ऐकत महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाढल्या. राज्यांच्या सीमा १९५६ आणि १९६० मध्ये आखल्या गेल्या. गाण्याने त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत.

५. आवाज : शेवटच्या रांगेचा प्रश्न

आता थोडे भौतिकशास्त्र. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. गायकापासून ४ मीटरवरच्या श्रोत्याला जे ऐकू येते, ते ८ मीटरवर ६ ने, १६ मीटरवर १२ ने आणि ३२ मीटरवर १८ डेसिबलने कमी होते. दरबारात ही अडचण नव्हती, कारण ऐकणारे मोजके होते आणि भिंती आवाज परत पाठवत. श्रोते हजारांत गेले तेव्हा ती उभी राहिली.

म्हैसूरचे व्हायोलिनवादक टी. चौडय्या (१८९५–१९६७) यांनी यावर एक उपाय केला. मागच्या रांगांना व्हायोलिन ऐकू जात नाही, हे पाहून त्यांनी मूळ चार तारांना आणखी तीन जोडल्या आणि सात तारांचे व्हायोलिन वाजवायला सुरुवात केली. गणित करून पाहा : सारख्या ताकदीचे दोन स्वतंत्र स्रोत एकत्र वाजले तर पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते. अंतर एकदा दुप्पट झाले की ६ जातात. म्हणजे तारा जोडून मिळणारी वाढ अंतराच्या एका दुपटीलाही पुरत नाही. तरीही आवाज भरीव झाला आणि चौडय्यांची ती ओळख बनली. बेंगळूरुत त्यांच्या स्मरणार्थ १९८० मध्ये उभारलेले सभागृह व्हायोलिनच्याच आकाराचे आहे.

खरा बदल घडवला तो मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धकाने. त्यामुळे मोठा मांडव शक्य झाला. शिवाय गाणेही बदलले. पूर्वी गायकाला खणखणीत, वरच्या पट्टीचा गळा कमवावा लागे. आता हळुवार स्वरही दूरवर पोहोचू लागला आणि नाजूक आवाजाच्या गायक-गायिकांना मोठे व्यासपीठ मिळाले. त्याची किंमतही मोजावी लागली. तंबोरा, गळा, मृदंग यांचा तोल आता गायकाच्या हातात राहिला नाही. तो ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती गेला. मांडव लांब असेल तर मागच्या बाजूला वेगळे कर्णे लावावे लागतात. ध्वनीला ३४ मीटर जायला सुमारे दशांश सेकंद लागतो. मागच्या कर्ण्यांना तेवढा विलंब दिला नाही, तर मागे बसलेल्याला प्रत्येक आघात दोनदा ऐकू येतो.

हवामानाचाही हात असतो. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा ध्वनिलहरी वर वळवते. सूर्यास्तानंतर जमीन निवली, की त्याच लहरी खाली वळतात आणि आवाज लांब जातो. शेजारपाजाऱ्यांची तक्रार रात्रीच का वाढते, याचे हे एक कारण आहे.

६. कायदा आणि दहाचा ठोका

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे. राज्य सरकार सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण वर्षभरात एकूण १५ दिवसच. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही चौकट कायम ठेवली.

याचा परिणाम दोन्ही संगीतपद्धतींवर सारखा झाला नाही. हिंदुस्थानी रागांना प्रहर असतात. पुण्याचा महोत्सव पूर्वी रात्रभर चाले आणि भैरवीला उजाडे. आता उघड्या मैदानावर उत्तररात्रीचे राग ऐकायला मिळणे दुर्मीळ झाले. कर्नाटक पद्धतीत व्यवहारात वेळेचे बंधन सैल आहे, त्यामुळे संध्याकाळच्या चौकटीत ती सहज बसली. झोपेचा हक्क आणि गाण्याचा हक्क यांत कायद्याने झोपेला झुकते माप दिले. मला ते योग्य वाटते. आजारी माणूस किंवा परीक्षेचा विद्यार्थी मांडवाशेजारी राहत असेल, तर त्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे. मात्र त्यात आपण काही गमावले, याचीही नोंद इतिहासाने ठेवावी.

जे. पी. नगरमध्येच याला दुसरा पर्याय दिसतो. शंकर नाग यांच्या स्मृत्यर्थ अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये उभे राहिलेले 'रंग शंकरा' हे नाट्यगृह लहान, बंदिस्त आणि वेळेला काटेकोर आहे. पडदा वर गेल्यावर उशिरा आलेल्याला प्रवेश नाही. तिथे एकाग्रता मिळते. मांडवात येणारी-जाणारी, मुले कडेवर घेतलेली गर्दी मिळत नाही. शहराला दोन्हींची गरज असते.

७. २०२० चा धडा

२०२० ची रामनवमी २ एप्रिलला होती. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली होती, माणसांनी जमण्यास मनाई होती. गाणे तेव्हा थांबले नाही, ते पडद्यावर गेले. पण मांडवावर पोट असलेल्यांचा विचार करा : तंबोऱ्याला बसणारे, घटम् आणि मोर्सिंग वाजवणारे, मांडव घालणारे, ध्वनियंत्रणा भाड्याने देणारे, बाहेर मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बाया. मोठ्या गायकाला ध्वनिमुद्रणाचा आधार असतो. साथीदाराची कमाई बहुतांशी प्रत्यक्ष मैफलीवर चालते. उत्सवाचा इतिहास लिहिताना मध्ये बसणाऱ्याचे नाव लिहिले जाते, उजव्या-डाव्या बाजूच्यांचे राहून जाते.

८. सारांश

मांडव टिकला, कारण तिथीने त्याला ठरलेली जागा दिली, शहराने फुरसत दिली, देणगीदारांनी पैसा दिला आणि ध्वनिवर्धकाने मागची रांग दिली. यातली एक गोष्ट निघाली तरी तो डळमळतो. तुम्ही श्रोते म्हणून गेलात, तर यातल्या दोन गोष्टी तुमच्या हाती आहेत : तिकिटाचे पैसे आणि साथीदाराच्या तुकड्यालाही तितकीच मनापासून दाद.

सरावासाठी प्रश्न

१. 'दरबार', 'समाज' आणि 'मंडळी' या तीन व्यवस्थांमध्ये श्रोता कोण ठरवतो आणि खर्च कोण करतो, याचा तक्ता करा.
२. गायकापासून ५ मीटरवर ध्वनीची पातळी ७० डेसिबल असेल, तर मोकळ्या जागेत ४० मीटरवर ती किती राहील? रस्त्यावरचा गोंगाट ६० डेसिबल असल्यास काय होईल?
३. तुमच्या गावातील एका उन्हाळी जत्रेतील किंवा उत्सवातील साथीदार वादकाशी बोला. वर्षभरात त्याचे किती कार्यक्रम कोणत्या महिन्यांत होतात, याची नोंद करा आणि ती कलावंताच्या परवानगीने वर्गात मांडा.