रोड (रेल्वे स्थानकांच्या नावांतील)

रोड : इंग्रजीतून मराठीत आलेले नाम, रूढ अर्थ रस्ता, सडक. ‘कृश’ या अर्थाचे मराठी विशेषण ‘रोड’ आणि त्यावरून झालेले ‘रोडावणे’ यांच्याशी त्याचा संबंध नाही. मूळ शब्द ‘राइड’ या इंग्रजी क्रियापदाच्या कुळातला असून जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घोड्यावरची मजल किंवा स्वारी असा होता. वाटेसाठी ‘वे’ आणि लॅटिनमधून आलेला ‘स्ट्रीट’ हे शब्द होतेच. स्वारीवरून हल्ल्याचा अर्थ निघाला. धाड या अर्थाचे ‘रेड’ हे त्याच शब्दाचे स्कॉटिश रूप होय. जहाजे नांगर टाकून थांबतात त्या किनाऱ्यालगतच्या पाण्यालाही ‘रोड’ म्हणत. ‘सडक’ हा अर्थ रुळला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस.

भारतीय रेल्वेने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. धाराशिव जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव मांजरा नदीकाठी आहे. ‘कळंब रोड’ स्थानक मात्र त्याच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, कुर्डुवाडी–लातूर मार्गावर येडशी आणि ढोकीच्या दरम्यान. पाटी वाचून उतरलेल्या प्रवाशाला कळंब गाठायचे तर पुढे एसटी किंवा जीप धरावी लागते. म्हणजे येथे ‘रोड’ कोणत्याही एका सडकेचे नाव सांगत नाही. ‘गाव येथे नाही, येथून गावाकडे जावे लागते’ एवढेच सांगतो. याचा सबळ पुरावा याच मार्गावर मिळतो. आजचे कुर्डुवाडी स्थानक पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाई, कारण मुंबई–सोलापूर लोहमार्गापासून बार्शी तीसेक किलोमीटर आत होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटर रुळांतराची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत धावू लागली. रेल्वे खुद्द गावात पोचल्यावर त्या नावाचे प्रयोजन उरले नाही. पुढे ते मागे पडले, आणि गावातले स्थानक ‘बार्शी टाउन’ झाले.

यावर मुंबईचे ग्रँट रोड आणि रे रोड पुढे करता येतील. तेथे गाव दूर असल्याचा प्रश्नच नाही. पण ती खरोखरच्या रस्त्यांची नावे, तीही गव्हर्नरांवरून पडलेली. स्थानकांनी ती उसनी घेतली. ‘रोड’च्या आधी गावाचे नाव आहे की रस्त्याचे, एवढे पाहिले की दोन्ही अर्थ वेगळे पडतात. दुसरा आक्षेप नाशिक रोडचा : तेथे आता मोठी वस्ती आहे आणि ती नाशिक महापालिकेच्या हद्दीतच येते. मात्र ही वाढ स्थानकानंतरची, आणि नाव जुन्या नाशिकपासूनच्या अंतराचे. शिवाय ही पद्धत इंग्रजी अमदानीबरोबर संपलीही नाही. १९९० च्या दशकातल्या कोकण रेल्वेवर राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड ही नावे त्याच नियमाने पडली. म्हणून ‘अमुक गावासाठीचे, पण त्या गावापासून दूर असलेले स्थानक’ हा ‘रोड’चा स्वतंत्र अर्थ मानणे योग्य ठरते.