आमच्यामागे याचे घर कोणते?

दिल्ली ही हिंदुस्थानची राजधानी होणार, अशी घोषणा १९११ च्या डिसेंबरात झाली आणि पुढच्याच वर्षी ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ संमत झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही राजधानीत कोणी कोठे राहावे, याचा विचार करू लागले की दोन्ही एकदमच आठवतात. नव्या नगरीत लाटसाहेबापासून कारकुनापर्यंत प्रत्येकाच्या दर्जाप्रमाणे निवासाचे माप ठरले. मेंदूने अधू असलेल्यांचा प्रश्न मात्र त्या कायद्याने एका शब्दात उरकला. जन्मतःच बुद्धी खुंटलेला आणि पुढे चित्तभ्रम झालेला, हे दोघेही कायद्याच्या लेखी ‘लुनॅटिक’च होते आणि दोघांसाठी योजलेली वास्तूही एकच होती: उंच भिंतीआडचे असायलम.

प्रत्यक्षात बहुतेक जण घरीच राहत. दिल्लीच्या हवेलीत काय किंवा आपल्या पुण्या-साताऱ्याच्या वाड्यात काय, चौक बंदिस्त असे, माजघरात सदैव कोणी ना कोणी जागे असे आणि एखादा मुलगा ‘तसा’ आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असे. म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कित्येकांच्या वाट्याला कोठीची अंधारी खोली आली आणि काहींच्या पायांत साखळी पडली. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे क्वेकर पंथीयांनी १७९६ साली जे ‘रिट्रीट’ उघडले, तेथील खिडक्यांच्या चौकटीच लोखंडाच्या घडवून त्यांना लाकडी चौकटींचे रूप दिले होते, हेतू हा की आत राहणाऱ्यास तुरुंगाचा भास होऊ नये. गज दिसतात कसे, याचाही विचार करणारे लोक होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आपल्याकडे गज गजासारखेच राहिले. शाहदऱ्यास १९६६ साली मनोरुग्णालय निघाले. तेथील दुरवस्थेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यानंतर १९९३ साली त्याचे रूपांतर मानवी वर्तनाच्या व मेंदूच्या शास्त्रांना वाहिलेल्या स्वायत्त संस्थेत झाले.

दरम्यान घरच बदलले होते. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढे चार मजली, बिनलिफ्टच्या सदनिकांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७९ च्या एकाच नोंदणी योजनेत १ लाख ७० हजारांहून अधिक अर्ज आले, यावरून छपराची भूक किती होती ते कळावे. त्या भुकेपुढे जिन्याचा विचार कोण करणार? वाड्यातली दहा माणसे गेली, तिसऱ्या मजल्यावर आई, बाप आणि मुलगा एवढेच उरले. मूल लहान असेतो त्याला कडेवर घेऊन जिना चढता येतो. ते तीस वर्षांचे झाले म्हणजे आईबाप साठीत असतात. मग रात्री दिवा मालवल्यावर एक प्रश्न पुढे उभा राहतो: आमच्यामागे याचे काय?

हा प्रश्न सरकारी दप्तरात शिरला तो १९९९ साली, राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी केलेल्या या कायद्यात, आईबापांच्या वा पालकाच्या मृत्यूनंतर त्या व्यक्तीची काळजी व संरक्षण हे न्यासाचे उद्दिष्ट म्हणून स्पष्ट लिहिले आहे. कायद्याची भाषा सहसा रुक्ष असते. पण हे कलम वाचताना त्यामागचे आईबाप दिसतात. ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या सामूहिक निवासाची योजना याच न्यासाची. २०१६ च्या कायद्याने याच्याही पुढे पाऊल टाकले. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, असे त्याचे पाचवे कलम सांगते.

आणि तरीही रोहिणीतील ‘आशा किरण’ विसरता येत नाही. दिल्ली सरकारने १९८९ साली काढलेल्या या निवासात क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे कोंबलेली होती. २०२४ च्या जुलै महिन्यात तेथे दहाहून अधिक निवासी दगावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाला पाणी तपासण्याचे व गर्दी कमी करण्याचे आदेश द्यावे लागले. ज्यांच्यामागे कोणी नाही, त्यांना मिळालेले घर ते हे.

मापांचा इतिहास थोडा बरा आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९८ साली अडथळेमुक्त इमारतींची मार्गदर्शिका काढली. २०१६ व २०२१ मध्ये तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. बारा फूट लांबीस एक फूट चढ, दाराची रुंदी ९० सेंटिमीटर, हे सारे आता छापील आहे. पण ‘मार्गदर्शिका’ या शब्दातच पळवाट असते, हे नस्त्या चाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. राजीव रतुडी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बुजवली. केवळ शिफारसवजा नियम कायद्याशी विसंगत आहेत, असे सांगून बंधनकारक नियमांसाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

तथापि या सर्व मापांचा मुख्य रोख सार्वजनिक इमारतींकडे आणि चाकांच्या खुर्चीकडे आहे. मज्जासंस्थेचे दुखणे पुष्कळदा पायांत नसतेच. स्वमग्न मुलाला ट्यूबलाइटची गुणगुण आणि लुकलुक असह्य होते. त्याला गोंगाटातून एकदम शांततेत नको, मध्ये थांबायला एखादा कोपरा हवा. कैरोच्या वास्तुविशारद मागदा मुस्तफा यांनी २००८ पासून नेमके हेच अभ्यासले आहे. कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल अरुंद दारात एकाएकी थिजते. जमिनीवर आडव्या पट्ट्या ओढल्या तर ते पुष्कळदा सुटते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेला काळे पायपुसणे खड्डा वाटते, चकचकीत संगमरवर पाणी वाटतो. आपण मात्र सदनिका घेतली की पहिला खर्च संगमरवरावर करतो!

मल्टिपल स्क्लेरोसिसची गोष्ट तर खास दिल्लीची म्हणावी अशी आहे. श्रमानंतर अशा रुग्णाची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदवले. त्याचे मूळ शरीराच्या वाढत्या उष्णतेत आहे, हे मागाहून कळले. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे पश्चिमेकडील गच्चीखालची खोली त्या माणसाचे हातपाय अक्षरशः काढून घेते. त्याला गारवा ही चैन नव्हे. उत्तरेची खोली, जाड भिंत आणि खिडकीवर ओल्या वाळ्याचा पडदा एवढ्याने त्याचा दिवस पुष्कळ सुसह्य होतो.

अपस्माराला याहून थोडे लागते. न्हाणीघराचे दार आत उघडत असेल तर फेफरे येऊन पडलेल्या माणसाच्या देहानेच ते अडते आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. ते बाहेर उघडणारे करावे, आतली कडी काढून बाहेरूनही फिरवता येईल अशी खटकी बसवावी. सुताराचे हे एका दिवसाचे काम आहे.