हळदीची साक्ष आणि डबीवरचा आकडा

सांगलीकरांना हळदीबद्दल आम्ही नवीन काय सांगणार? हरिपूरची जमिनीतली पेवं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहेत. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता हीच हळद छोट्या उद्योगांच्या क्रीममध्ये येते आणि एखाद्या डबीवर 'उन्हापासून संरक्षण' असंही लिहिलेलं असतं. आपल्या माणसाचा माल म्हणून विश्वास ठेवायचा का? यासाठी थोडं मागे जाऊ.

1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीने जखम भरण्याच्या उपयोगाचं पेटंट मिळालं. आपल्या घराघरातली गोष्ट तिथे 'नवी' ठरली! डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. तिथे 'आमची आजी लावायची' एवढ्यावर भागलं नाही. जुने संस्कृत ग्रंथ, 1953 मधला एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे लेखी पुरावे मांडावे लागले. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं.

दुसरी गोष्ट विकोची. केशव विष्णू पेंढारकर यांनी 1952 मध्ये सुरू केलेला हा मराठी घरातला उद्योग. त्यांची हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून अबकारी खात्याशी वाद झाला, कारण दोन्हींचा कर वेगळा. अनेक वर्षं चाललेला हा वाद 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने सुटला.

आता गंमत बघा. दोन्ही निकाल आपल्या बाजूचे, पण पहिला सांगतो की हे ज्ञान जुनं आहे, आणि दुसरा सांगतो की कर कुठल्या रकान्यात बसतो. हळदीने ऊन किती अडतं, हे दोन्हींत कुठेच ठरलेलं नाही. तो प्रश्न वेगळा, त्याची मोजणीही वेगळी.

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो. त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावून, कातडी लाल व्हायला किती जास्त किरण लागतात हे पाहतात. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी किरण अडवतो, 50 सुमारे 98 टक्के. आपण मात्र चिमूटभर लावतो, म्हणून प्रत्यक्षात संरक्षण बरंच कमी मिळतं. शिवाय हा आकडा यूव्हीएबद्दल फारसं सांगत नाही. ऊसतोडीला किंवा हळद काढायला दिवसभर उन्हात असलेल्या बाईने डबीवर विसंबून डोक्यावरचा पदर काढला, तर नुकसान तिचंच.

मग छोट्या उद्योगांना पाठ दाखवायची का? मुळीच नाही. हा परिसर स्वदेशी उद्योगाचाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. 1910 मध्ये औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. कराडजवळ ओगलेवाडीत ओगल्यांचे कंदील तयार होऊ लागले. हा माल स्वदेशी म्हणून घरात आला असेल, पण टिकला तो शेतात नांगर चालला आणि वाऱ्यात कंदील जळत राहिला म्हणून.

तेव्हा आपल्या गावच्या उत्पादकाकडून माल जरूर घ्या, पण विचारा: डबीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि मुदत आहे का? एसपीएफची चाचणी कुठे केली? अहवाल दाखवता का? प्रामाणिक उत्पादकाला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट ज्याने पदरमोड करून चाचणी केली, त्याचा माल खोट्या आकड्यापुढे मागे पडू नये, म्हणून तरी हे विचारायला हवं. आणि चाचणी नसेल तर हळदीची क्रीम हळदीची क्रीम म्हणूनच घ्यावी. उन्हासाठी टोपी, पदर आणि सावली आहेच.