गॉन्डोरचे दप्तर

कल्पित राष्ट्राचा इतिहास रचताना राजे निर्माण करणे फारसे अवघड नसते. अवघड असते ते त्या राजांचे दप्तर उभे करणे. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडाला (१९५५) जोडलेल्या परिशिष्टांत गॉन्डोरच्या राजघराण्यांचा वृत्तान्त येतो. तो बहुधा पुरवणी म्हणून चाळला जातो. वस्तुतः ती स्वतंत्र संहिता असून तिचा लेखनिक कोण, हा तिच्या अर्थाचाच भाग आहे.

एकच प्रकरण पाहू. तिसऱ्या युगाच्या १९४४ साली राजा ओन्डोहेर दोन्ही पुत्रांसह युद्धात पडतो. उत्तरेकडील आर्थेडाइनचा युवराज आर्वेडुई गादीवर हक्क सांगतो: आपण इसिल्दुरचे वंशज, शिवाय ओन्डोहेरची हयात असलेली एकमेव संतती फिरिएल ही आपली पत्नी. कारभारी पेलेन्दुरच्या पुढाकाराने मंडळ हा दावा फेटाळते. मुकुट इसिल्दुरचा भाऊ अनारियॉन याच्या वंशाचा, आणि तोही पुत्रपरंपरेनेच. आर्वेडुई नूमेनोरच्या जुन्या कायद्याचा दाखला देतो: राजदंड ज्येष्ठ अपत्याकडे जातो, मग ते पुत्र असो वा कन्या. यावर गॉन्डोर उत्तर देत नाही. मुकुट राजकुळातील विजयी सेनापती एआर्निलला मिळतो. २०५० साली त्याच्या पुत्राबरोबर राजवंश खुंटतो आणि कारभाऱ्यांची राजवट सुरू होते, ती ३०१९ पर्यंत चालते. त्या वर्षी गादीवर येणारा ॲरागॉर्न हा आर्वेडुईचाच वंशज.

आता हे सारे आपल्यापर्यंत आले कोणाच्या हातून? १९६०च्या दशकातील सुधारित आवृत्तीच्या प्रास्ताविकात टोल्किन एका महत्त्वाच्या प्रतीचा लेखनिक सांगतात: गॉन्डोरचा राजलेखक फिंडेगिल. म्हणजे पुनःस्थापित घराण्याच्या पदरचा माणूस. (बखरींच्या वाचकाला ही परिस्थिती अनोळखी नाही.) हरलेला युक्तिवाद इतक्या तपशिलाने टिकतो, कारण मागाहून तो जिंकलेला असतो. ‘उत्तर दिले नाही’ ही नोंद वरकरणी तटस्थ. प्रत्यक्षात ती प्रतिपक्षाला निरुत्तर ठरवते.

टोल्किन यांच्यावर भाबड्या राजनिष्ठेचा आरोप करणारे टीकाकार लेखक आणि राजलेखक यांतील हे अंतर नजरेआड करतात. अर्थात ते अंतर लेखकाने सर्वत्र सांभाळले आहे, असे मला वाटत नाही. ज्या फिरिएलच्या आधाराने हा वाद लढला जातो, तिच्या तोंडी वृत्तान्तात एकही वाक्य नाही. आणि आर्वेडुईने पुढे केलेला कायदा जसाच्या तसा लागू झाला असता, तर गादीवर बसायची होती ती फिरिएलच.